तीन दिवसांचा पाऊस

वांदेबाच्या थोरल्या नातवाची, कुलोबाची, इम्बालूच्या सोहळ्यात सुंता झाली त्या सालची ही गोष्ट. युगांडातल्या एल्गॉन डोंगराच्या उतारावर वांदेबाच्या अंगणात, कुंपणाआड, पाऊस मोजायचं नळकांडं होतं. त्याच्या भाचीनं, डॉक्टर नागुदीनं, ते बसवलेलं. तिनं बजावलं होतं, "मामा, रोज सकाळी नऊला आत जेवढं असेल तेवढं वहीत लिहायचं. मनचा एक थेंब नको."

मामानं शब्द पाळला. पुढच्या साली नागुदी धापा टाकत वर आली.

"दिवसाला सत्तर मिलिमीटर पडला की आपला डोंगर सुटतो, असं मी लेखात लिहिलंय. परीक्षक विचारतो, गेल्या साली बारा ते चौदा ऑगस्ट तुमच्या अंगणात रोज चौऱ्याऐंशी पडला, मग दरड का नाही आली? उत्तर नाही दिलं तर लेख परत, आणि माझी नोकरी गेली!"

"पडला असेल," मामा कुंपणाकडे बघत म्हणाला.

"खाली उतारावर बसवलेल्या तिन्ही नळकांड्यांत शून्य आहे."

"आपल्या अंगणापुरता पडला."

मामी खैन्झा केळी सोलत होती. "तेव्हा अंगणात कॉफी वाळत होती माझी. एक बी भिजली नाही."

मामानं बायकोकडे पाहिलं, मग भाचीकडे. पोरगी रडकुंडीला आली होती.

"नाचणीची बीअर होती," तो पुटपुटला. "इम्बालूच्या पाहुण्यांसाठी केलेली. ही रांजणापाशी पहारा देत बसलेली. म्हटलं, नळकांड्यात कोण बघतंय?"

"आणि वहीत कशाला लिहिलीस?"

"तूच म्हणालीस, असेल तेवढं लिही!"

नागुदी वही बघून थबकली. "रोज चौऱ्याऐंशीच? मग प्यायलास कधी?"

"रोज की! पण संपेचना. म्हटलं, पूर्वजांची कृपा. चव तेवढी उतरत गेली."

मामीचा सुरा थांबला. "पूर्वज कसले? बीअर प्यायच्या लांब नळीनं मी पण ओढत होते. तुम्हाला कळू नये म्हणून पाण्यानं भरून ठेवायचे."

लेख छापून आला. खाली बारीक अक्षरात होतं: तीन दिवसांच्या नोंदी घरगुती कारणामुळे वगळल्या आहेत.

पुढं दोन वर्षांनी त्या वहीत नऊ जानेवारीची नोंद मामीच्या अक्षरात आहे: चार मिलिमीटर. आभाळ ठणठणीत कोरडं होतं आणि नळकांड्याला बीअरचा वास होता, पण नागुदीनं ती नोंद वगळली नाही. त्या पहाटे वांदेबा वारला होता.