भेंडाटोला थांबा (प्रमाण : एका हाताला एक बोट)

जी वस्तू मिळत नाही तिची हुबेहूब प्रतिकृती करून घरात ठेवावी आणि निम्मे समाधान पदरात पाडून घ्यावे, हा मनुष्यजातीचा फार जुना व सोयीचा नियम आहे. झाडीपट्टीत तान्ह्या पोळ्याला तो उघड दिसतो. ज्याच्या गोठ्यात बैल असतो त्याचे पोर लाकडी बैल मिरवते, आणि ज्याच्या गोठ्यात नुसताच गोठा असतो त्याचे पोर जरा मोठा लाकडी बैल मिरवते.

भेंडाटोल्याचा उदाराम सुतार असे बैल करण्यात पंचक्रोशीत नावाजलेला होता. एरवी तो खासरांची, म्हणजे बैलगाड्यांची, चाके, नांगर आणि पाळणे करी. पण पोळा जवळ आला की त्याच्या हातात वेगळाच माणूस संचारे. त्याचा लाकडी बैल पाहून खरे बैल मान वळवत, असे त्याचे म्हणणे होते. (बैलांचे म्हणणे उपलब्ध नाही.)

भेंडाटोल्याला जी वस्तू मिळत नव्हती ती म्हणजे आगगाडी. गाडी नव्हती असे नाही. छोट्या लाईनीची गाडी रोज एकदा गोंदियाहून येई, गावच्या धानाच्या बांध्यांना खेटून जाई, सगळ्यांच्या वाळवणावर सारखीच काजळी टाकी, कुणाशी दुजाभाव करीत नसे. फक्त थांबत नसे. थांबायची ती साडेतीन कोस पुढे, सौंदडला.

उदारामची एकुलती एक लेक प्रेमिला दवनीवाड्याला दिलेली. ती माहेरी येई तेव्हा गोंदियाला गाडीत बसे. गाडी बापाच्या बांधीवरून जाई. शेताच्या धुऱ्यावर उभी राहून तिची माय शामकला हात हलवी, खिडकीतून प्रेमिला हात हलवी, आणि माहेर डोळ्यांदेखत मागे टाकून साडेतीन कोस पुढे जाऊन उतरे. मग उदाराम खासर जुंपून तिला परत आणी. एकदा अंगावरचे बाळ घेऊन ती अशी आली, तेव्हा वाटेत खासराचा आस मोडला. मायलेकरू भर उन्हात दोन तास पळसाखाली बसून राहिले. बाळाला ताप भरला.

शामकला त्या दिवशी चूल पेटवायच्या आधी बोलली.

"गाडी आपल्या दारातून जाते न लेक सौंदडून येते, हे का रीत झाली? आता गाडी इथं थांबल तवाच मी लेकीले बलावन. नाई त नाई."

उदारामच्या मनाला ते फार लागले. लेक दारात उतरावी, एवढेच त्याला हवे होते. बाकीचे सगळे नंतर आले.

सन १९५५ च्या आरंभी, हिवाळ्यात, रेल्वेचे एक साहेब लाईन तपासत ट्रॉलीवरून चालले असता गावाजवळ पाणी प्यायला उतरले. गावकऱ्यांनी संधी साधून थांबा मागितला. साहेब सज्जन होते. ते म्हणाले, "नुसतं मागून कसं होईल? कुठं काय पाहिजे ते नीट दाखवा." एवढे बोलून आणि दुसरा गडवा रिकामा करून ते निघून गेले.

या एका वाक्यावर 'भेंडाटोला रेल्वे थांबा नमुना समिती' उभी राहिली. अध्यक्ष मनिराम पाटील, कारण कशाचेही अध्यक्ष तेच. सचिव शालीकराम मास्तर, कारण लिहिता येणारे तेच. नमुना उदारामने करायचा, कारण काम तेवढे उरले होते. साहेबांना दाखवायचे तर चार काड्या रोवूनही दाखवता आले असते. पण काम एकदा समितीकडे गेले म्हणजे ते चांगलेच व्हावे लागते.

मास्तरांनी प्रमाण ठरवले : एका हाताला एक बोट. उदाराम गाठी मारलेला सुतळीचा तोडा घेऊन सौंदडला गेला आणि उभ्या गाडीचे माप घेऊ लागला. तेथील पोर्टरने विचारले, "क्या नाप रहे हो?" उदारामने खरे ते सांगितले, "गाडी." पोर्टरने वीस वर्षांच्या नोकरीत बरेच प्रवासी पाहिले होते. तो दुसरीकडे गेला.

त्यानंतर जे तीन वर्षे चालले त्याचे वर्णन करताना लेखणी थकते, म्हणून थोडक्यात. रूळ छत्रीच्या काड्यांचे. त्यापायी गावात एका पावसाळ्यात नऊ माणसे भिजली. डबे सागवानाचे, त्यांवरचे रिबिटांचे टिकले मोहरीचे, प्रत्येक डब्याला चारशे सोळा, खऱ्या डब्यावर मोजून. (एकदा उंदरांनी एका बाजूचे रिबिट खाल्ले, गाडी दुरुस्तीसाठी अकरा दिवस बंद.) इंजिनाचा दिवा मास्तरांच्या जुन्या चष्म्याच्या काचेचा. पाण्याची टाकी बामच्या डबीची. गंज कावेचा. भिंतीच्या कोपऱ्यातले पानाचे डाग अस्सल असून ते अध्यक्षांनी स्वतः पुरवले व उदारामने काडीने लावले. फलकावर गावाचे नाव मराठी, हिंदी व इंग्रजीत होते. त्यांपैकी दोन भाषांत ते एकसारखेच दिसत असल्याने एका सदस्याने काटकसर सुचवली, पण ती राष्ट्रीय धोरणाविरुद्ध ठरली.

फलाटावर बेचाळीस बाहुले उभे करायचे ठरले, तेव्हा गावात खरी जागृती झाली. आजवर समितीकडे ढुंकून न पाहणारी माणसे उदारामच्या पडवीत येऊन आपले नाक दाखवू लागली. ज्या दोन भावांत धुऱ्यावरून बोलणे बंद होते त्यांना फलाटाच्या दोन टोकांना ठेवावे लागले. पाटील जन्मात पहिल्या वर्गात बसले नव्हते, नमुन्यात बसले.

गाडी चालवणारी शक्ती म्हणजे भोजराज कोतवाल. तो नमुन्याच्या टेबलाखाली बसून दोरी ओढी. शिटी मात्र साधली नाही. उदारामने बांबूच्या तीन करून पाहिल्या. तिन्ही कोंबड्यासारख्या आरवल्या. शेवटी शिटी मनात धरावी, असा ठराव एकमताने झाला.

आणि एक बाहुले उदारामने कुणाला न विचारता केले. हिरवे लुगडे, कडेवर बोटाच्या पेराएवढे बाळ, हातात पत्र्याची पेटी. डब्याच्या दाराशी त्याने सुईएवढी बिजागरी बसवली होती; गाडी थांबली की मागून एक तार ओढायची, म्हणजे बाहुले पायरीवरून अलगद फलाटावर उतरे. ही तार त्याच्याशिवाय कुणाला ओढता येत नसे. समिती याला 'उतरणारा प्रवासी, स्त्री, एक' म्हणे. उदाराम याला काही म्हणत नसे. पण रोज एकदा तो तिला उतरवून पाही, आणि त्याला बरे वाटे.

मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भंडारा जिल्हा एका रात्रीत मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. भेंडाटोल्यातले कोणी जागचे हलले नाही. एवढा मोठा जिल्हा हलू शकतो तर एवढीशी गाडी थांबायला काय हरकत आहे, असे उदारामला वाटे. पण तो सुतार होता, त्याला राज्यकारभारातले कळत नव्हते.

आणि १९५८ च्या जानेवारीत रेल्वेचे पत्र आले. ट्रॉलीवरचे साहेब विसरले नव्हते. त्यांना नमुना वगैरे काही नकोच होता. पत्रात म्हटले होते की, येत्या १० फेब्रुवारीस, सोमवारी, अकरा वाजून सतरा मिनिटांनी गाडी भेंडाटोला येथे प्रयोगादाखल दोन मिनिटे थांबेल. चढणारे व उतरणारे गार्डसाहेब मोजतील. संख्या पंचवीस भरल्यास कायम थांबा मिळेल. न भरल्यास पुन्हा विचार होणार नाही.

गावात आनंदीआनंद झाला. एकशे बारा माणसांनी गाडीत चढून सौंदडला जाण्याची, तेथे चहा पिण्याची आणि पायी परत येण्याची शपथ घेतली. शामकलाने तीन वर्षांत प्रथमच लेकीला पत्र धाडले : ये, दारात उतर.

समितीची बासष्टावी सभा भरली. विषय एकच : ज्या दिवशी खरी गाडी थांबणार त्या दिवशी नमुन्याचे उद्घाटन न करणे हा नमुन्याचा अपमान होईल. ते कधी करावे? अर्थात अकरा वाजून सतरा मिनिटांनी. वेळ चुकली तर हुबेहूबपणा कसला?

शामकला सभेच्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, "अन् त्याच वक्ताले खरी गाडी आली त?"

मास्तर हसले. त्यांनी उदारामची वही उघडली. नमुना अस्सल व्हावा म्हणून उदारामने वर्षभर धुऱ्यावर बसून गाडीच्या वेळा टिपल्या होत्या. एकूण दिवस तीनशे बारा. अर्ध्या तासापर्यंत उशीर, नऊ दिवस. अर्धा ते दोन तास, दोनशे एकेचाळीस. त्याहून जास्त, एकसष्ट. दुसऱ्या दिवशी आली, एकदा. वेळेवर, शून्य.

"शून्य, बाई," मास्तर म्हणाले. "स्वभावाले औषध नाई. उद्घाटन करू, हार घालू, पेढा खाऊ, मंग आरामात लाईनीवर जाऊ. बसूनच राहावं लागन तासभर."

तर्क बिनतोड होता. ठराव संमत झाला. विरोधात एक बाई, ती सदस्य नसल्याने विरोध नोंदवला गेला नाही.

दहा तारखेला नमुना शाळेत मांडला आणि सारा गाव तिकडे लोटला. शामकला निघाली लाईनीकडे. जाताना ती उदारामला म्हणाली, "तुमी नाई येत का?" उदारामला जायचे होते. खरोखर जायचे होते. पण ती बिजागरीची तार त्याच्याशिवाय कोण ओढणार?

"तू हो पुढं," तो म्हणाला. "मी आलोच."

अकरा वाजून सतरा मिनिटे झाली. भोजराजने दोरी ओढली. झाडे म्हणून रोवलेल्या एरंडाच्या दोन रोपांमागून गाडी निघाली, छत्रीच्या काड्यांवरून डुलत आली आणि बरोबर फलकासमोर उभी राहिली. लोकांनी माना उंचावल्या.

आणि शिटी झाली.

लांब, खणखणीत, शेवटी जराशी चिरकणारी, अगदी खऱ्यासारखी. शाळेत टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा रे उदाराम!" पाटील ओरडले. "जमली शेवटी शिटी! कुठं लपवली व्हतीस?"

शिटी पुन्हा झाली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले. "काय बारकावा हाय," ते पुटपुटले. "दूरून आल्यासारखी वाजून राहिली!"

त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होते की त्या गाडीला शिटी नाही. उदारामने दाराकडे पाहिले. एक शब्द बोलायचा होता. 'पळा' म्हटले असते तरी पुरे होते. लाईन हाकेच्या अंतरावर होती. पण अख्खा गाव त्याच्याकडे पाहत होता, तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि इतक्या प्रेमाने. उदारामने दोन्ही हात जोडून सर्वांना नमस्कार केला. मग वाकून तार ओढली. हिरव्या लुगड्यातली बाई अलगद फलाटावर उतरली. टाळ्या इतक्या झाल्या की तिसरी शिटी झाली की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही.

लाईनीवर त्या वेळी पुढीलप्रमाणे घडले. गाडी वेळेवर येऊन थांबली. प्रेमिला कडेवर पोर आणि हातात पेटी घेऊन मायच्या पुढ्यात उतरली. गार्डसाहेब वही-पेन्सिल घेऊन खाली आले व त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिले.

"बाई, गाँव के लोग कहाँ हैं?"

"शाळेत," शामकला म्हणाली.

"क्या कर रहे हैं?"

"गाडी पाहून राहिले."

गार्डसाहेबांनी शिटी वाजवायला लावली, मग पुन्हा, मग, माणूस भला होता, तिसऱ्यांदाही. दोन मिनिटांची चार मिनिटे झाली. मग हिरवी झेंडी हलली.

मायलेकी शाळेत पोचल्या तेव्हा हार घालणे चालू होते. प्रेमिला दारात उभी राहिली. पोर कडेवर, पेटी हातात, अंगावर हिरवे लुगडे. बापाने पाठवलेलेच होते ते. मागच्या कोणीतरी वळून न पाहता सांगितले, "बाजूले हो वो बाई, उजेड अडून राहिला."

उदारामने मान वर केली.

"बा," प्रेमिला म्हणाली, "गाडी थांबली होती ना. दारात उतरली मी."

"मले मालूम हाय," उदाराम म्हणाला. "आयकू आली." आणि गळ्यातल्या झेंडूच्या हारासकट तो एवढा मोठा माणूस पोरासारखा रडला. समितीने हे आनंदाश्रू म्हणून नोंदवले.

मार्चमध्ये पत्र आले. चढणारे शून्य, उतरणारे एक. सबब थांब्याची आवश्यकता दिसत नाही. समितीने खेद व्यक्त केला, आणि नमुन्यात चढणारे बेचाळीस असल्याबद्दल समाधानही. प्रेमिला पुढे वर्षातून दोनदा येत राहिली, सौंदडवरून. उदाराम खासर घेऊन न्यायला जाई, आस नवा बसवला होता, आणि वाटेत तिने त्याला त्या दिवसाबद्दल कधी छेडले नाही. नमुना शाळेच्या कपाटावर आहे. पाहुणे आले की भोजराज टेबलाखाली जातो. ती गाडी आजतागायत एक मिनिटही उशिरा आलेली नाही.

भेंडाटोल्याच्या लोकांना वाचकांनी खुशाल हसावे. ते स्वतःही हसतात. फक्त एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. हे वाचत असताना मघाशी घरातून आपल्याला हाक आली होती. आपण "हो, हो" म्हणालात आणि पुढची ओळ धरलीत. दुसऱ्या हाकेला तेवढेही म्हणाला नाहीत, कारण तेव्हा शाळेत शिटी वाजत होती आणि ती फार छान ऐकू येत होती. तिसरी हाक मारली गेली की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही.