भुतांच्या पोटावरची नावं

यंदा हॅलोविनला आपल्या दारात पोरांची रीघ लागलीच पाहिजे, असं ब्रिटाने ठरवून टाकलं होतं. तिच्या आजीचं घर रस्त्याच्या पार टोकाला, कापलेल्या मक्याच्या शेताला टेकलेलं. गेल्या वर्षी सोंगं काढून दारोदार खाऊ मागत फिरणारी पोरं अलीकडच्या घरांवरच पिशव्या भरून माघारी फिरली आणि परातभर चॉकलेटं ब्रिटाला एकटीला संपवावी लागली. चॉकलेटांबद्दल तिची काही तक्रार नव्हती, पण अपमान तो अपमानच.

म्हणून तिने तळघरातले आइस्क्रीमचे रिकामे, पांढरे, कडीचे डबे वर आणले. त्यांना डोळे-तोंड कापायचं, आत दिव्यांची माळ सोडायची आणि ओसरीत टांगायचं, की झाली भुतं.

"आजी, यांच्यावर चिकटपट्ट्या आहेत गं. लवॉन, डेलोरिस, बर्नीस... हे कुणाचे डबे?"

अर्डिसआजी एकाएकी ओटा पुसायला लागली. ओटा लखलखीत होता.

"जुनं असेल काहीतरी. पांढरा रंग फास वरून. चांगले दोन हात दे."

खरी गोष्ट अशी, की आजोबांचा पाय मोडला तेव्हा गावाने याच डब्यांतून जेवण पोचवलं होतं. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही त्या गावची रीत. आजी प्रत्येकीला सफरचंदाचा मुरंबा भरून देणार होती. पहिल्या वर्षी गारांनी सफरचंदं धरली, दुसऱ्या वर्षी आजीची कंबर धरली आणि पुढे लाजेने जीभ धरली. त्यात आजी चर्चच्या स्वयंपाकघराची प्रमुख. ज्याचं भांडं त्याला वेळेवर पोचवा, असं दर रविवारी बायकांना तीच सुनवायची.

ब्रिटाने रंगाचा एकच हात दिला. दुसऱ्याला धीर कुणाला होता?

हॅलोविनच्या संध्याकाळी माळ लागली आणि भुतं झकास उजळली. उजळता उजळता प्रत्येकाच्या पोटावर जाड काळ्या अक्षरांत एकेक नाव वर आलं.

"ब्रिटा, घालव तो दिवा."

"का? काल तर म्हणालीस, छान दिसतायत."

"काल ती भुतं होती. आज ती लवॉन आहे."

"पण अंधारात कोण येणार गं आपल्याकडे?"

एवढ्यात गाईचं सोंग घेतलेला छोटा सोरेन पायरीवर येऊन उभा राहिला. नुकताच वाचायला शिकला होता, त्यामुळे दिसेल ते वाचत होता.

"ल... वॉ... न. ही तर माझी आजी."

"नाही रे राजा, हे भूत आहे," ब्रिटा म्हणाली.

सोरेनने क्षणभर विचार केला, भोकाड पसरलं आणि चॉकलेट न घेताच शेपूट धरून धूम ठोकली. वाटेत भेटेल त्याला तो आजी मेल्याचं सांगत गेला.

थोड्याच वेळात ती मेलेली आजी सपाता फटकारत हजर झाली. मागे सोरेन, आणि त्याच्यामागे भूत बघायला निघालेली रस्त्यावरची झाडून सगळी पोरं.

"अर्डिस, मी गेले म्हणे." लवॉनने डबा निरखला. "अगं, हा माझा डबा."

"मुरंबा घालून देणार होते गं तुला."

"कधी? माझ्या तेराव्याला?"

आजीने मान खाली घातली. लवॉन पुढे काहीतरी बोलणार होती, पण तिला एकाएकी काहीतरी आठवलं. "थांब, आले," म्हणत गेली आणि आजीचं केकचं मोठं भांडं बिस्किटांनी भरून घेऊन आली.

"थोरलीच्या लग्नात नेलं होतं. रिकामं कसं द्यायचं, म्हणून राहिलं."

"थोरलीच्या लग्नात? आता तिचा सोरेन सहाचा झाला, लवॉन."

"विषय वाढवू नकोस."

मग डेलोरिस आली, बर्नीस आली. प्रत्येकीच्या हातात आजीचं एकेक हरवलेलं भांडं, भरलेलं. ज्यांच्याकडे आजीचं काही नव्हतं, त्याही रिकाम्या हाताने नको म्हणून स्वतःच्या डब्यांतून काहीबाही घेऊन आल्या. ब्रिटाची परात केव्हाच संपली, तरी पोरं पायऱ्यांवरून हलेनात. रस्त्यावरची बाकीची घरं दिवे लावून नुसती वाट बघत बसली होती. ब्रिटाचे पाय जमिनीवर नव्हते.

डोळे कापलेला डबा मात्र कुणीच परत नेला नाही.

सगळे गेल्यावर आजीने टेबलाकडे पाहिलं. लोकांचे नवे सात डबे झाकणं लावून मांडलेले होते, प्रत्येकावर चिकटपट्टी. ती हळूच खुर्चीवर टेकली.

"ब्रिटा, नाताळात असल्या डब्यांचं काय करतात गं?"

"बर्फाची माणसं."

"बरं," आजी म्हणाली, आणि तिने पहिल्या डब्याचं झाकण उघडलं.