कॉफीच बोलेल

“तुम्ही दोघी काळजीच करू नका. उद्या माझ्याऐवजी कॉफी बोलेल!” असं जाहीर करून शूकाकांनी छाती पुढे काढली. निदान काढल्यासारखं त्यांना तरी वाटलं.

काकांची अख्खी नोकरी ग्रंथालयात गेली होती आणि त्या नोकरीत त्यांनी तोंडावाटे काढलेला मुख्य शब्द म्हणजे ‘शूऽऽ!’ नाव पडलं ते त्यावरून. निवृत्तीनंतर तर तेवढंही बोलायचं कारण उरलं नाही. एरवी हे चालून गेलं असतं. पण लेकीनं पसंत केलेल्या मुलाचे आईवडील उद्या पहिल्यांदाच घरी यायचे होते.

“बाबा, तुम्ही गप्प बसलात तर त्यांना वाटेल, तुम्हाला हे लग्नच मान्य नाही,” लेक म्हणाली. “मावशीकडे असेच बसला होतात, तर तिनं डॉक्टरांना फोन लावला होता!”

म्हणून ही युक्ती. मुलाचे वडील दातांचे डॉक्टर, आणि कॉफीचे मोठे दर्दी. त्यांना घरी केलेली कोल्ड ब्रू पाजायची! जाडसर दळलेली कॉफी रुमालात बांधायची, पाण्याच्या बरणीत सोडायची, बरणी रात्रभर फ्रिजमध्ये. दाट अर्क उतरला की ग्लासात थोडासा घेऊन वर दूध, बर्फ. पाहुणे कौतुकात गुंग, यजमान निवांत!

सकाळी उठल्या उठल्या काकांनी फ्रिज उघडला. पाणी काळंभोर झालं होतं! हे झालं तरी कसं? गरम पाणी कॉफीच्या अंगावर धावून जातं, हे समजण्यासारखं आहे. पण गार पाण्यानं नुसती समजूत काढून तिच्याकडून एवढं काढून घ्यावं? काकांनी एक चमचा चाखला. भाजलेल्या शेंगदाण्याची चव! दुसऱ्या चमच्यात चक्क जुन्या पुस्तकाच्या कातडी बांधणीचा वास. तिसऱ्यात काहीतरी होतं, पण काय ते कळेना, म्हणून चौथा. पुढे चमचा लहान पडायला लागला, म्हणून वाटी. बरणीतली पातळी खाली गेलेली बरी दिसेना, म्हणून प्रत्येक वेळी तेवढंच पाणी वर ओतलं.

“अहो, फ्रिजमध्ये काय वाचताय मघापासून?” मागून बायकोचा आवाज.

“क-काही नाही!” वाटी लेंग्याच्या खिशात.

बायकोला काय समजायचं ते समजलं. फ्रिजमध्ये पाहुण्यांसाठी आणलेला केक होता, आणि काकांना मधुमेह होता! तिनं तडक केकचा खोका उचलला आणि वरच्या मजल्यावर शेजारणीकडे ठेवून आली.

दुपारपर्यंत काकांनी पुस्तकांची कपाटं तीनदा लावली, पंखा पुसला आणि इस्त्रीवाल्याला जिन्यात गाठून कागदाच्या शोधाची हकीकत ऐकवली. तो बिचारा कपडे तिथेच ठेवून गेला.

“आई, बाबा बोलतायत!” लेक घाबरून म्हणाली.

“मी खोका हलवायच्या आधीच केक खाल्ला असणार,” आई म्हणाली.

पाहुणे आले. काकांनी दारातच डॉक्टरांचा हात धरला. “या, या! कॉफीचं बी हे मुळात एका फळाचं बी, ठाऊक आहे ना? म्हणजे बघा—” आणि जे सुटले! कॉफीवरून वाळवीवर, वाळवीवरून पुस्तकांच्या बांधणीवर, बांधणीवरून पुन्हा वाळवीवर.

“आम्हाला असं सांगायचं होतं की—” मुलाची आई म्हणाली.

“सांगा ना, अगदी मोकळेपणानं सांगा! पण त्याआधी डिंकाचं एक ऐका—”

डॉक्टर आ वासून बघत होते. आजवर ते बोलायचे आणि समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून मुकाट ऐकायचा. आज खुर्ची बदलली होती!

तेवढ्यात लेकीनं ट्रे आणला. “दूध घालायला धीरच झाला नाही,” ती आईच्या कानात पुटपुटली. डॉक्टरांनी ग्लास उजेडात धरला. त्यातून त्यांना समोरची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर आणि कॅलेंडरवरची आजची तारीख स्वच्छ दिसली. त्यांनी एक घोट घेतला आणि फार विचारात पडले.

“मी केक आणते,” म्हणून बायको वर पळाली आणि रिकामा खोका घेऊन खाली आली. शेजारणीच्या नातवंडांना वाटलं, आपल्यासाठीच आलाय!

“आम्हाला असं सांगायचं—” डॉक्टरांनी निघताना पायात चपला सरकवत शेवटचा प्रयत्न केला. काकांनी त्यांना फाटकापर्यंत वाळवीसकट पोचवलं.

दुसऱ्या दिवशी काका उशिरापर्यंत झोपले आणि उठले ते नेहमीचे शूकाका होऊन. फोन वाजला. लेकीनं घेतला. काका कोपऱ्यात वर्तमानपत्रामागे लपले. लेकीचं लग्न आपण वाळवीला खाऊ घातलं, याबद्दल त्यांची खात्रीच झाली होती.

“बाबा,” लेक फोन ठेवून म्हणाली, “त्यांचा होकार आहे! तोच सांगायला आले होते काल. तुम्ही सांगू दिला नाहीत!”

वर्तमानपत्र हळूच खाली आलं.

“म्हणून येत्या रविवारी परत येतायत. डॉक्टर म्हणाले, ते गार पाणी छान होतं, त्यात काय घातलं होतं विचारा. आणि तुमच्या गप्पा त्यांना इतक्या आवडल्या, की यावेळी ते त्यांच्या घरच्या आजीलाही आणणार आहेत ऐकायला!”

काकांनी बोलायला तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मग इकडेतिकडे बघत त्यांनी बायकोला अगदी हळू आवाजात विचारलं,

“कॉफी किती उरलीय गं डब्यात?”