माझ्या पोटातली जाळी

जी गोष्ट नीट समजली तिची भीती वाटत नाही, असं मी जन्मभर शाळेतल्या पोरांना शिकवत आलो. त्यामुळे बेंबीपाशी हर्नियाचा फुगा दिसू लागला, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना ऐटीत म्हटलं, "सगळं समजावून सांगा. निर्णय मी घेईन."

त्यांनी जाळीचे दोन नमुने पुढे ठेवले. एक जाड, घट्ट विणीचा. दुसरा हलका, मोठ्या छिद्रांचा. "यातली एक पोटात बसवायची. पण उशीर नको. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल."

"विचार करून सांगतो," मी म्हटलं. नमुने खिशात घालून मी गावी परतलो, आणि इथेच चुकलो. आमचं गाव सेचुरा खाडीवरचं, मासेमारांचं. इथे जाळ्याबद्दल मत नसलेला माणूस अजून जन्मला नाही.

जाळी विणणाऱ्या कासिमिरोने हलका नमुना उन्हात धरला. "मास्तर, यातून मांदेली निसटेल."

"माझ्या पोटात मांदेली नाही, आतडं आहे."

"ते तर तिच्याहून निसरडं."

मी घाईघाईने जाड नमुना पुढे केला.

त्याचा मेहुणा फोर्तुनातो म्हणाला, "जाड घेऊ नका. जाड जाळं ओलं झालं की जड होतं. मास्तर चालताना एका अंगाला कलतील."

शेवटी परीक्षा घ्यायचं ठरलं. दोन्ही नमुन्यांत एकेक मासा बांधून ते धक्क्यावरून लोंबकळत ठेवले. तेवढ्यात पेलिकन आला आणि माशांसकट दोन्ही गिळून बसला.

"उत्तम," कासिमिरो म्हणाला. "आता बघू, याला कुठली सोसते."

आम्ही सगळे त्या पक्ष्यापुढे बसून राहिलो. उन्हं कलल्यावर त्याने मान ताणली आणि दोन्ही जाळ्या ओकून टाकल्या.

"म्हणजे शरीर जाळी ठेवूनच घेत नाही," मी पुटपुटलो. रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही काय पेलिकन आहात? चला दवाखान्यात."

ऑपरेशनच्या टेबलावर मी सगळी हकिगत सांगितली. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, ही मासे धरायची जाळी नव्हे. हिच्या छिद्रांतून तुमचंच मांस वाढतं आणि जागा भक्कम होते. हलकी पुरेल."

"घाला," म्हणून मी डोळे मिटले.

शुद्धीवर येताच विचारलं, "नीट बसली का हो?"

"बसवलीच नाही. भोक अगदी लहान निघालं. टाक्यांवर भागलं."

गावात कासिमिरोला मी जाड सांगितलंय, फोर्तुनातोला हलकी. दोघेही खूश आहेत. खोकला आला की मी मात्र दोन्ही हातांनी पोट गच्च धरतो. आत जाळीच नाही, हे गावात फक्त मला ठाऊक आहे.