साळूबाई अलीकडच्या काठावर वारल्या

एका जंगलात, मुलांनो, एक साळू राहत होती. साळूच होती ना? की ससा? माझी आता खात्री राहिलेली नाही. पण पुढे काटे येतात, म्हणजे साळूच.

जंगलाच्या मधून नदी वाहत होती. कुणाचे बीळ कोणते, याची एक वही होती. ती हरवू नये म्हणून राजाने तिच्या दोन प्रती केल्या. अलीकडची बगळेरावांकडे, पलीकडची माकडाकडे. एकीत काही बदलले की खंड्या पक्षी उडत जाऊन दुसरीकडे कळवी. व्यवस्था उत्तम होती. निदान मला तरी तसे वाटले असते.

मग पूर आला. खंड्या सहा दिवस फांदीवर अंग चोरून बसला.

साळूबाई तेव्हा पलीकडे मुळे खायला गेल्या होत्या. अलीकडे त्या दिसेनात. बगळेरावांनी लिहिले, "साळू वाहून गेली. बीळ कोल्होबांना दिले." त्याच दिवशी माकडाने लिहिले, "साळू सुखरूप. तीन पिल्ले झाली. बीळ मोठे करून द्यावे."

पूर ओसरला. साळूबाई पिल्लांना घेऊन घरी आल्या. दारात कोल्होबा पाय पसरून बसले होते.

"अहो, हे माझे बीळ!"

"तुम्ही वारलात," कोल्होबा म्हणाले. "ऐकून फार वाईट वाटले."

दोघे कारकून वह्या जुळवायला बसले. नियम सोपा होता. नंतरची नोंद खरी. पण अलीकडे रानकोंबडा आरवला की दिवस सुरू होई, आणि पलीकडे माकड उठले की.

"माझी नोंद नंतरची," माकड म्हणाले.

"तुझे सगळेच नंतरचे असते!" बगळेराव कडाडले.

"अहो, मलाच विचारा की! मी इथे उभी आहे," साळूबाई म्हणाल्या.

"बाई, मध्ये बोलू नका. हा वह्यांमधला प्रश्न आहे." हे मात्र दोघे एका सुरात म्हणाले.

शेवटी कुणाचेच मन मोडायला नको म्हणून दोन्ही नोंदी ठेवल्या. "साळू मयत. पिल्ले तीन. बीळ मोठे करून कोल्होबांना द्यावे."

साळूबाईंनी ते वाचले. काटे फुलवले आणि त्या पाठमोऱ्या बिळात शिरल्या. कोल्होबा मागच्या तोंडाने बाहेर पडले, ते डोंगरापर्यंत थांबले नाहीत.

"हे कुठल्या वहीत लिहू?" माकडाने विचारले.

"कुठल्याच नको," बगळेराव म्हणाले. "आत्ताच कुठे जुळल्यात."

तात्पर्य: वह्या जुळल्या पाहिजेत. जिवंत असणे ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. आपल्याला नीट आठवते ना, या शंकेने मी बऱ्याच वर्षांनी जाऊन दोन्ही वह्या तपासल्या. शब्दन् शब्द जुळतो. साळूबाई दोन्हींत मयत आहेत. वह्यांवरची धूळ त्यांनीच झटकून दिली.