चौकटीत न मावलेली गाडी

साहेब, रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या करायच्या त्या पांढऱ्या चौकटी तुम्ही माप न घेता आखल्यात. हा आरोप आहे, तक्रार नव्हे. तक्रारीसाठी तुमच्याकडे खिडकी आहे आणि ती कायम जेवायला गेलेली असते. सगळ्या गावाला तुम्ही एकाच मापाचा सदरा शिवलात आणि ज्याचं पोट बाहेर आलं त्याला सांगितलंत, पोट कापून आण! कुठल्याही शिंप्याला विचारलं असतंत तर त्याने सांगितलं असतं, की आधी अंगाला टेप लावतात, मग कापडाला कात्री. पण विचारतो कोण? मग आता ऐका, तुमच्या त्या चौकटीने काय करून ठेवलं ते.

कोपऱ्यावरचे कोट शिवणारे मास्तर. बंद पडलेल्या एका थिएटरच्या मागे त्यांना ती गाडी पहिल्यांदा दिसली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मागच्या सीटवर अंडी, स्टिअरिंगवर कोंबडा. दुसरा कोणी नाक दाबून पुढे गेला असता. मास्तर मात्र मुलगी बघायला आलेल्या नवऱ्यामुलासारखे खिळून उभे राहिले. लांबलचक अमेरिकन गाडी, वयाने मास्तरांपेक्षा वडील, मागे माशासारखे दोन पंख, आणि पुढच्या दिव्यापासून शेपटीपर्यंत एकच सलग रेघ. मास्तरांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “ज्याने ही बेतली त्या माणसाच्या हाताने कापड वाचवायचा विचार केलेला नाही.” शिंप्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नाही. त्यांनी कोंबड्यांना नवं ऐसपैस खुराडं बांधून दिलं आणि बदल्यात गाडी घेतली. कोंबड्यांचा फायदाच झाला असं सगळ्यांचं मत पडलं.

त्यानंतर मास्तर दिवसा कोट शिवत आणि संध्याकाळी गाडी. हो, शिवतच! इंजिनाच्या सांध्यांत घालायची गास्केटं त्यांनी बुचाच्या जाड शीटमधून कापली, कॉलर कापावी तशी. छताचं अस्तर नवं केलं. सीटमधली एकेक स्प्रिंग काढून, घासून, परत बसवून वर असं कापड ताणलं, की बसणाऱ्याला आपण बसलोय हे कळायला जरा वेळ लागायचा. बंपर घासून घासून इतका लख्ख केला, की गल्लीतले दोघेतिघे येताजाता त्यात भांग पाडू लागले. गाडीवर घालायला हलक्या सुती कापडाचं एक आच्छादन शिवलं, त्याला आरशांसाठी खिसे, पंखांसाठी बाह्या! माणसांना इतकं नीट बसत नाही.

मास्तरीणबाईंना मात्र गाडी नको होती, आणि त्यांचं चुकत नव्हतं. दुकानासमोर गाडी लागली की दुकान दिसेना. शिवाय एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर ग्रीसची पाच बोटं उमटली होती. गिऱ्हाईक कोट घालून समारंभात मिरवलं आणि प्रत्येकाने त्याला विचारलं, पाठीवर एवढी शाबासकी कोणी दिली? तेव्हा बाईंनी निकाल लावला. रविवारी त्यांचे वडील येणार होते. ते गाडीत बसतील. चांगली म्हणाले तर राहील, नाक मुरडलं तर सोमवारी भंगारवाला.

परीक्षा अवघड होती. कारण सासरेबुवांनी जन्मभर बस चालवली होती आणि दुसऱ्याच्या हातची गाडी त्यांच्या मते गाडीच नव्हे. कोणाच्याही शेजारी बसले की रिकाम्या पायाने ब्रेक दाबायचे. दुसरा चालवत असताना त्यांनी आजवर डोळा मिटला नव्हता, अगदी स्वतःच्या लग्नाहून परतताना नवरदेव असूनसुद्धा. पण मास्तरही कमी नव्हते. त्यांनी सगळ्या गल्लीसमोर जाहीर केलं, “बाबांना बसवून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत नेतो आणि आणतो. डुलकी काढतील ते, डुलकी!”

रविवारी मास्तरांनी गाडी दुकानासमोरच्या तुमच्या चौकटीत घातली. नाक आत, पोट आत, आणि शेपटी थेट शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलापर्यंत बाहेर. सासरेबुवा आले, टायरला लाथ मारली, दिव्याला टिचकी मारली, मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, आधी चहा, मग बघू. मास्तर चहा घेऊन परत येतात तो काय! सासरेबुवांची मान मागे टेकलेली, तोंड अर्धवट उघडं आणि घशातून जुन्या बसचा पहिला गिअर पडल्यासारखा आवाज.

मास्तरांचा ऊर भरून आला. अजून गाडी सुरूही केली नव्हती आणि नुसत्या सीटने बाजी मारली! उन्हाची तिरीप सासऱ्यांच्या डोळ्यांवर येत होती. मास्तरांनी काचा उघड्या ठेवून बाळाला पांघरूण घालावं तसं ते सुती आच्छादन अलगद गाडीवर चढवलं, कप फुटपाथवर ठेवला आणि बायकोला ही खबर द्यायला आत पळाले. बाईंचा विश्वास बसेना. बाबा? गाडीत? झोपले? स्वतःच्या डोळ्यांनी बघायला म्हणून त्या बाहेर आल्या.

फुटपाथवर कप होता. गाडी नव्हती.

इस्त्रीवाल्याने सांगितलं, की गाड्या उचलणारा ट्रक आला, शेपटी रेघेबाहेर दिसली, पुढून हूक लावला आणि नेली. आत माणूस आहे हे त्याला तरी कुठे माहीत? बाहेरून सगळं बाह्यांसकट झाकलेलं!

मास्तर डोकं धरून गाडी, गाडी करू लागले. “गाडीचं राहू द्या,” बाई म्हणाल्या. “बाबा कुठे आहेत?”

मग निघाली वरात. मास्तर सायकलवर, गळ्यात टेप, बाई मागे कॅरिअरवर. आणि साहेब, योगायोग बघा, जप्त गाड्यांचं तुमचं आवार कुठे? टेकडीवर, पाण्याच्या टाकीला लागून. म्हणजे मास्तरांनी ठरवलेल्या रस्त्यानेच सासरेबुवांची सहल चालली होती, फक्त मास्तरांशिवाय.

पण तुमचा ट्रक हल्लीच्या काडेपेटीएवढ्या गाड्या उचलायच्या लायकीचा. ही बया म्हणजे लोखंडी हत्तीण. अर्ध्या चढावर ट्रक कुकरसारखी शिट्टी देऊन थांबला. मास्तर धापा टाकत पोचले तेव्हा ट्रकचा ड्रायव्हर वाफेत उभा राहून आपल्या नशिबाला शिव्या देत होता.

“काय भरलंय हो आत?” त्याने विचारलं. “दगड?”

“सासरे,” मास्तर म्हणाले.

ड्रायव्हरचा चेहरा कोऱ्या कापडासारखा पांढरा पडला. दोघांनी मिळून आच्छादन ओढलं. आत सासरेबुवा, उजेडाने नुकतेच जागे झालेले! नाक वर करून टांगलेल्या गाडीत ते आरामखुर्चीत पहुडावं तसे मागे रेललेले, आणि समोरच्या काचेतून त्यांना नुसतं निळं आभाळ दिसत होतं. ट्रकचा पत्ताच नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की बाईंनी ते फक्त जुन्या फोटोत पाहिलेलं.

“जावईबापू,” सासरेबुवा म्हणाले, “मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातावर झोपलो. काय चालवता हो! गिअर कधी बदललात, कळलं नाही. चढावर इंजिनाचा आवाजसुद्धा नाही.”

मास्तरांनी खरं सांगायला तोंड उघडलं. सरळ माणूस तो, दोन पैशांचं बटणसुद्धा गिऱ्हाइकाला परत देणारा. पण बाईंनी त्यांचा दंड असा दाबला की तोंड आपोआप मिटलं. गाडी नको म्हणणारी हीच बाई! ती हळूच एवढंच म्हणाली, “हसतायत ते. गप्प बसा.”

सासऱ्यांना सांगितलं, इंजिन जरा गार करतोय. गाडी हळूच खाली उतरवली. पण ड्रायव्हर मास्तरांच्या पाया पडायच्या बेतात. त्याचा ट्रक बंद पडला तोही नेमका तुमच्या पिवळ्या पट्ट्यावर, जिथे उभं राहायलाच बंदी! तो रडवेला होऊन म्हणाला, ट्रक इथे सोडला तर साहेब मलाच उचलतील. मास्तरांना दया आली. दोरखंड आला. पुढे गाडी, मागे ट्रक, आणि मास्तरांनी किल्ली फिरवली.

आठही सिलिंडर एकदम गरजले. झाडावरचे कावळे उडाले. गाडी नखशिखान्त थरथरली, मागून काळा लोट निघाला आणि समोरच्या जाळीतून कुठूनसं एक कोंबडीचं पीस उडून सासऱ्यांच्या मांडीवर पडलं. पण हलली हो! गचके देत, फुरफुरत, त्या म्हाताऱ्या हत्तिणीने तुमचा अख्खा ट्रक ओढत टेकडीवर नेला. इतकी वर्षं कोंबड्या सांभाळणारी गाडी! मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते काय, धुराचंही असेल.

सासरेबुवांनी मात्र पुढची सीट दोन्ही हातांनी धरली होती आणि रिकाम्या पायाने ब्रेक दाबत होते. मागे वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही. बस चालवणाऱ्याला ती सवय नसते, मागचं कंडक्टर बघतो.

आवाराच्या फाटकावर तुमचा रखवालदार. त्याला नियम एकच पाठ. दोराला बांधून आणलेली गाडी आत, आणणारी गाडी बाहेर. त्याने दोर पाहिला, दोराचं टोक पाहिलं, ट्रक आत घेतला आणि कुलूप लावलं. ड्रायव्हर गजांना धरून ओरडत राहिला, की अरे हा आपलाच ट्रक आहे. रखवालदार म्हणाला, सगळे असंच म्हणतात. मास्तरांना मात्र त्याने कडक सलाम ठोकला आणि वाट दाखवली.

घरी आल्यावर सासरेबुवांनी गार चहा एका घोटात संपवला. मास्तर दाराला टेकून उभे. बाईंच्या हातातली सुई थांबलेली. सासरेबुवांनी निकाल दिला, “गाडी ठेवा. अशी गाडी पुन्हा होणार नाही.”

मास्तरांनी डोळे मिटले. भंगारवाला गेला! बाईंनीसुद्धा ते सुती आच्छादन उचललं आणि उसवलेली एक बाही शिवायला घेतली.

“पण जावईबापू,” सासरेबुवा पुढे म्हणाले, “अर्ध्या वाटेनंतर तुमचा हात का हो बिघडला? पहिल्यांदा चालवलीत तशी चालवा. येत्या रविवारी परत येतो, तशीच फेरी हवी.”

तेव्हा साहेब, चौकटी आखल्यात त्या आखल्यात. मास्तरांची शेपटी रविवारी रेघेबाहेर असेल, जितकी म्हणाल तितकी बाहेर ठेवतील. सासरेबुवांना आच्छादनाखाली निजवून ठेवायची जबाबदारी बाईंनी घेतली आहे. फक्त तुमचा ट्रक तुमच्याच कुलपात अडकलाय. तो शनिवारपर्यंत सुटतोय की नाही, तेवढं सांगा!