वासनिककाकांचा डावा पाय

वासनिककाकांना कुठेही बसवा, त्यांचा डावा पाय गप्प बसत नाही. न्हाव्याच्या खुर्चीत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही तो पाय मध्येच सरसावतो, जमिनीवर दाबला जातो आणि मग हळूच वर येतो. उभा जन्म सरकारी ट्रक चालवण्यात गेला, तेव्हा क्लच पायात मुरलेला असणारच. ऑटोरिक्षातली त्यांची तऱ्हा मात्र त्याहून न्यारी. मी राइट टाउनच्या शाळेत शिकवतो, घमापुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे अधूनमधून एका रिक्षात बसायची पाळी येते. काका नेहमी उजवीकडे बसतात. वळण आलं की पाय दाबतात, डावीकडे मान करून माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "पडला?"

गिअर पडला का, असं त्यांना म्हणायचं असतं. पहिल्यांदा मी नुसताच हसलो, तर पाय उठेना. चौक मागे गेला तरी काका माझ्याकडे बघत पाय दाबूनच बसलेले. शेवटी घाबरून मी "पडला" म्हणालो, तेव्हा "मंग उचला" असं स्वतःशीच पुटपुटून त्यांनी पाय सोडला. तेव्हापासून मी वेळेवर "पडला" म्हणतो. आपलं काय जातं?

हे "पडला? मंग उचला!" त्यांनी जगातल्या सगळ्या कामांना लावलेलं होतं. माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा लोक अभिनंदन करत होते आणि काका म्हणाले, "गिअर पडला ना? मंग उचला, थांबून काहून राहिले?" माझा मुलगा गणितात नापास झाला तेव्हा त्यांनी मलाच समजावलं, "गुरुजी, तुमी पोराले डायरेक तिसऱ्यात उचलून राहिले. बंदच पडन ना तो!" मुलाला हे फार पटलं. त्यानंतर बरेच दिवस तो पहिल्या गिअरमध्येच अभ्यास करत होता.

काकांचा डावा हात मात्र कामातून गेलेला. निवृत्त झाले त्याच उन्हाळ्यात जांभळाच्या झाडावर चढले आणि जांभळांसकट खाली आले. मनगट वाकडं जुळलं, बोटं मिटेनाशी झाली. तरीही ते आपली जुनी जीप चालवायचे. "काका, एका हातानं कशी चालवता?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "चालते ना? मंग झालं."

शांताकाकी घरामागे गुलाबाची रोपं करतात. दर रविवारी दोघं जीपमध्ये कुंड्या भरून बड्या फुहाऱ्याच्या बाजारात विकायला जात. शाळेच्या बागेसाठी रोपं न्यायची म्हणून एकदा मीही त्या जीपमध्ये मागे बसलो होतो. पुढे दोघं, मध्ये ताडपत्रीचा पडदा आणि मागे मी, दोन गुलाबांच्या मध्ये काटे चुकवत. सगळा रस्ताभर पुढून काकांचं पुटपुटणं आणि काकींच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, भांडत असतील. एरवी घरीही त्यांचं भिंतीपलीकडून ऐकू येईल असं चाललेलं असायचंच.

मग जीप थकली. काकांचा मुलगा संजय नागपूरला नोकरीला. त्याने धरणाच्या कामावर आलेल्या कुठल्याशा परदेशी कंपनीचा जुना छोटा ट्रक वडिलांसाठी मुद्दाम शोधून आणला. स्टीअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, पण क्लच नाही, मधला गिअरचा दांडा नाही. गाडी आपल्या मनानं गिअर बदलते म्हणे! अख्खी गल्ली बघायला जमली. संजयने सगळ्यांदेखत चावी वडिलांच्या हातात दिली आणि म्हणाला, "अब पापा को किसी की ज़रूरत नहीं. अकेले चलाओ, आराम से!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. काकी पेढे वाटत होत्या. ताट माझ्यासमोर येऊन थांबलं ते थांबलंच. मी दोन पेढे घेतले तरी पुढे सरकेना, म्हणून तिसराही घेतला.

पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. त्या गाडीत क्लच नसला तरी ब्रेकचं पायदान चांगलं पाटासारखं रुंद होतं. वळण आलं आणि काकांच्या डाव्या पायाने क्लच समजून सगळ्या जोरानिशी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी गपकन उभी. कुंड्या रस्त्यावर, आणि मागून येणारा सायकलरिक्षावाला गुलाबांत. सुदैवाने त्याला काटे सोडून काही लागलं नाही. "क्या चाचा," तो अंग झटकत म्हणाला, "बारात निकली है क्या?"

त्यानंतर काका डावा पाय सीटखाली दुमडून गाडी चालवायला शिकले. गाडी लोण्यासारखी चालायची. पण पुढच्या रविवारी काकी बाहेरच आल्या नाहीत.

"तुमीच जा जी," त्या दारातून म्हणाल्या. "मायं काय काम हाये तिथं?"

गल्लीने आपापले शोध लावले. कुणी म्हणालं, काकींना गाडी लागते. कुणी म्हणालं, आपोआप चालणाऱ्या गाडीची भीती बसली. काका एकटेच बाजारात जात आणि बहुतेक कुंड्या परत आणत. लाल आणि गुलाबी याच्या पलीकडे त्यांना गुलाबातलं काही सांगता येत नसे. भिंतीपलीकडचं भांडण तर पार थांबलं. शेजारी भांडत नाहीत म्हणून आपल्याला झोप लागत नाही, हे माझ्या बायकोला कुणापुढे कबूल करता येईना.

एक दिवस काका मलाही गाडीत बसवून थेट रफीकभाईंच्या गॅरेजात गेले आणि म्हणाले, "याचा ऑटोमेटिक काढा. क्लचवाला गिअरबॉक्स बसवा."

रफीकभाईंनी आधी काकांच्या वाकड्या हाताकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. मी जणू यांना वेड्यांच्या दवाखान्यातून घेऊन आलो होतो. "चाचा, दुनिया क्लच से छुटकारा माँगती है. और आपका तो हाथ भी..."

"हात मी पाहून घेईन," काका म्हणाले. "तू गाडी पाह्य."

रफीकभाईंनी बजावलं, की हे काम म्हणजे पोटाचं ऑपरेशन आहे. एकदा खोललं की गाडी पुन्हा पहिल्यासारखी होईलच याची खात्री नाही. फसलं तर गाडीही गेली आणि काकींचा बाजारही. संजय फोनवर इतका ओरडला, की शेजारच्या घरात बसून मला त्याची बाजू समजली आणि पटलीही. मी काकांना बरंच समजावलं. ते म्हणाले, "हे गाडी मले काई इचारतच नाई ना, गुरुजी. आपल्याच मनानं दुसरा, आपल्याच मनानं तिसरा. मंग आपन कोन? नुसती बसून जानारी सवारी?"

म्हातारपणाचा हट्ट, असं म्हणून मी नाद सोडला.

त्याच बनावटीची क्लचवाली एक मोडकी गाडी कबाड्याकडे सापडली. तिचा गिअरबॉक्स, क्लच, पायदानं, सगळं उचलून आणलं. काका रोज गॅरेजात स्टूल टाकून बसायचे. गिअरबॉक्सचा जुना डबा उतरला, नवा चढला, गाडीच्या तळाला दांड्यासाठी भोक पडलं. इथवर ठीक होतं. मग काकांनी खिशातून गाठ मारलेली एक सुतळी काढली. तिचं एक टोक सीटच्या डाव्या कडेला धरलं आणि गाठ जिथे आली तिथे बोट ठेवून म्हणाले, "मूठ इथं पायजे. दांडा डावीकडे वाकवा."

"डावीकडे?" रफीकभाईंनी पाना खाली ठेवला. "चाचा, ड्रायवर का हाथ वहाँ पहुँचेगा ही नहीं!"

"नाईच पोचला पायजे," काका म्हणाले आणि दुसऱ्या खिशातून जुन्या जीपच्या दांड्याची मूठ काढून दिली. वापरून वापरून ती गुळगुळीत झालेली होती.

दांडा तापवून वाकवला. सगळं बसलं, तर गाडी चालूच होईना. चावी फिरवली की नुसती शांतता. रफीकभाईंनी बॅटरी बदलली, स्टार्टर उतरवून पुन्हा चढवला, गाडीला तिच्या देशासकट शिव्या दिल्या. शेवटी जुन्या डब्यापासून लोंबत राहिलेल्या दोन तारा सापडल्या. ऑटोमेटिकचा स्टीअरिंगजवळचा छोटा दांडा योग्य जागी असल्याशिवाय गाडी चालू होऊ नये म्हणून कंपनीने केलेली ती व्यवस्था. तो दांडाच गेला, तर गाडी बिचारी त्याची वाट बघत बसली होती. तारा जोडल्या आणि इंजिन सुरू झालं.

गाडी घरापर्यंत रफीकभाईंनीच आणली, दर गिअरला डावीकडे आडवं होत. रविवारची सकाळ होती. काका उजवीकडे चढले, हॉर्न वाजवला. काकी दारात आल्या.

"चाल," काका म्हणाले.

"काहून? मायं काय काम हाये?"

काकांनी डावं दार आतून ढकलून उघडलं. काकींना आतला वाकवलेला दांडा दिसला, त्यावरची मूठ दिसली. मग पदर खोचला आणि चढून बसल्या.

मी कुंड्यांबरोबर मागे. या गाडीला पडदा नव्हता, काच होती. काकांनी डावा पाय दाबला, मान डावीकडे केली आणि विचारलं, "पडला?"

काकींच्या बांगड्या वाजल्या. खाली काहीतरी करकरलं. "पुरा दाबा ना जी पाय!" त्या ओरडल्या. "सवय गेली का तुमची?"

"तुयाच हात जड झाला!"

पुन्हा बांगड्या वाजल्या. "पडला. उचला."

गाडी एक गचका खाऊन निघाली. म्हणजे जांभळाच्या झाडावरून पडल्यापासून ती जीप दोघं मिळून चालवत होते. पाय यांचा, हात त्यांचा. आणि आम्ही त्यांना कुणाची गरज नाही म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. मला एकदम फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

दोघं रस्ताभर भांडत होते. बड्या फुहाऱ्याजवळ गर्दीत गाडी अडकली. गिअर काढलेला, गाडी जागेवर उभी, हात काढून घ्यायला काहीच हरकत नव्हती. काकींचा हात मुठीवरच होता. थोड्या वेळाने काकांनी आपला तो न मिटणारा डावा हात उजव्या हाताने उचलला आणि त्यांच्या हातावर नेऊन ठेवला.

पुढची वाट मोकळी झाली. मागचे हॉर्न वाजवू लागले. त्यातल्या कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की थांबा जरा, अजून पडला नाही.